खवट खोबऱ्याची बरणी

आमच्या गल्लीत माझ्या नाकाला मान होता. ही फुशारकी आहे, पण खोटी नाही. कोल्हापुरात फेब्रुवारी सरला की घराघरांत वर्षाच्या चटणीची गडबड सुरू होते. गच्चीवर मिरच्या वाळतात, देठं खुडून बायकांची बोटं आठ-आठ दिवस भगभगतात. धणे, तीळ, खोबरं, गरम मसाला भाजून निघतो आणि सगळं मिळून कांडप गिरणीत कुटायला जातं. एकदा बरणीत भरलं की वर्षाची काळजी मिटली. आणि काही चुकलं, तर वर्षभर तेच चुकलेलं खायचं. म्हणून गिरणीत जाण्याआधी बायका ताटं घेऊन माझ्या दारात यायच्या. मी मूठभर मसाला हातात घ्यायची, डोळे मिटायची, वास घ्यायची आणि निकाल द्यायची. "धणं अजून कच्चं हाईत." "दगडफूल जास्त पडलंय." "झालं, द्या कुटायला." शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली, तिथं माझं कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

मग एका डिसेंबरात मला ताप आला. साधाच. चार दिवसांत उतरलाही. पाचव्या दिवशी आमटीला फोडणी दिली, हिंग टाकला आणि काहीच झालं नाही. हिंग जुना झाला असेल म्हणून नवी डबी फोडली. तोही मुका. मग लसूण ठेचून नाकाशी धरला, कॉफीची बाटली उघडली, शेवटी डोकेदुखीचा बाम नाकपुडीला चोळला. नाक झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र कशाचाच नाही.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. महिन्यात येईल, वर्षात येईल, काहींना उशीर लागतो. रोज सकाळी तीन-चार ओळखीचे वास घेत जा आणि तो वास आठवायचा प्रयत्न करा. मी मान डोलावली आणि यातलं काहीही केलं नाही. रोज लिंबू नाकाला लावून बसायचं म्हणजे गेलंय हे रोज कबूल करायचं. तेवढा दम माझ्यात नव्हता. घरी नवऱ्याला सांगितलं, आणि बाहेर एक अक्षर बोलायचं नाही अशी ताकीदही दिली.

जेवणातली गोडी गेली. तिखट कळायचं, मीठ कळायचं, बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. मी चिडचिडी झाले. गच्चीत जाणं सोडलं, कुंड्यांना पाणी घालायचं विसरू लागले. दिवसभर टीव्ही लावून समोर बसायची आणि काय बघितलं ते विचारलं तर सांगता यायचं नाही. नवरा भला माणूस. रविवारी मला स्कूटरवर बसवून कळंब्याच्या तलावावर घेऊन जायचा. तिथं फिरायला आलेली माणसं हात वर करून छाती भरभरून श्वास घेत होती. तोही म्हणाला, "घे की मोठा श्वास. हवा किती छान हाय बघ." मी घेतला. छान काय आणि वाईट काय, मला हवेतलं काही कळेना. त्या सगळ्या माणसांचा मला इतका राग आला की मी तिथल्या तिथं "चला घरी" म्हटलं.

मार्चमध्ये समोरच्या वैनी आल्या. वैनी म्हणजे आमच्या दारासमोरच्या शेजारीण, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. शिकायला आलेल्या पोरापोरींना त्या जेवणाचे डबे देतात आणि त्यांच्या डब्याला नाव आहे ते चटणीमुळं. आमच्या घरासारखी दोन किलोंची चटणी त्यांना पुरत नाही. त्यांच्याकडं सहा-सहा किलोंचा घाट असतो. त्या दिवशी त्यांनी सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांची पिशवीच आणून माझ्यापुढं ठेवली.

"ताई, एवढं बघा. भाजाय घ्यायचं हाय."

त्याच क्षणी सांगायचं होतं. वैनी, मला वास येत नाही. एवढं साधं वाक्य. मी काय केलं? एक वाटी उचलली, नाकाशी नेली आणि सवयीनं डोळे मिटले. वाटी पांढरीशुभ्र होती, वर कुठं डाग नाही. दोनदा हुंगल्यासारखं केलं आणि म्हटलं, "एक नंबर. घ्या भाजायला." वैनी खुशीत गेल्या. मला त्या वेळी अपराधी वाटलं असं म्हणायला आवडेल, पण खरं सांगायचं तर माझा मान राहिला म्हणून मला बरं वाटलं.

एप्रिलच्या शेवटी वैनींनी दुसरी बरणी उघडली. चटणी खवट निघाली. मग तिसरी उघडली, तीही तशीच. खोबरं खवट असलं की पहिले काही दिवस ताज्या मसाल्याच्या वासाखाली ते दडून राहतं, मग वर येतं. डब्याची दोन पोरं आधीच बोलली होती, वैनींनी त्यांना झापलं होतं. आता त्यांचा चेहरा बघवेना. त्या तरातरा माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "चला ताई माझ्यासंगं."

कुठं, ते मला दुकानाच्या पायरीशी पोहोचल्यावर कळलं. आमच्या पेठेतलं जुनं मसाल्याचं दुकान. दुकानदार वयस्कर, कपाळाला भस्म, बोलणं हळू. आम्ही सगळ्या त्यांना अण्णा म्हणतो. चार गिऱ्हाइकं उभी होती. वैनींचा आवाज मुळात मोठा, तो आणखी चढला.

"अण्णा, मला दाखवताना चांगलं खोबरं दावलासा आणि भरताना खवट घातलासा. वरचं चांगलं, खालचं नासकं."

"तसं न्हाय वैनी. एकाच पोत्यातलं दिलंय."

"मग ह्या ताईंनी वास घेतलाय की! ताई काय खोटं बोलतील व्हय? सगळी गल्ली ह्यांच्या नाकावर चालती."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हीच सांगा ताई. तुम्ही बघितल्यावर चांगलं हुतं?"

चारही गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि मी म्हटलं, "त्या वेळी तर चांगलं होतं."

अण्णा समोरच्या गिऱ्हाइकाचं जिरं मोजत होते, ते मोजत राहिले. तेच जिरं त्यांनी दोनदा मोजलं, हे मी बघितलं. वैनींनी दुसऱ्या दिवसापासून गल्लीत सांगायला सुरुवात केली की त्या दुकानात माल बदलतात. बायका तिकडं जायच्या थांबल्या. मी खिडकीतून हे सगळं बघत होते, आणि तोंड शिवल्यासारखी गप्प होते.

आठ दिवसांनी मी मुरगूडला पळाले. पळाले हाच शब्द बरोबर आहे. थोरली बहीण तिथं दिलेली आहे, तिला मी आक्का म्हणते. घरची शेती, दोन म्हशी, नदीकाठाला ऊस. नवऱ्याला सांगितलं, उन्हाळ्याचं चार दिवस बहिणीकडं राहून येते.

आक्कापासून लपवणं दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात होती आणि मी स्वयंपाकघरात चुलीकडं पाठ करून मेथी निवडत होते. आक्का ओरडतच आत आली. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याला लागून काळं पडलं होतं. धूर झाला होता.

"अगं, दारात वास यालाय करपल्याचा आणि तू हितं बसून ऱ्हायलीस? नाक हाय का गेलं?"

"गेलं," मी म्हटलं आणि हमसून रडायला लागले. मग सगळंच सांगितलं. ताप, हिंग, खोबरं, अण्णांनी दोनदा मोजलेलं जिरं. आक्कानं पातेलं खाली उतरवलं, राख लावून घासायला टाकलं, पदराला हात पुसले.

"झालं सांगून? मग चल. मोटरीची लाईट आलीया, दारं धरायचं हाय. रडायचं ते तितं रड, तेवढंच उसाला पाणी हुईल."

दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी उसाच्या एकेका सरीत सोडणं. एक सरी भरली की खोऱ्यानं मातीचा बांध फोडायचा, पाणी पुढच्या सरीत वळवायचं, मागचा बांध लिंपायचा. ऊस डोक्याच्या वर गेलेला. सरी दुसऱ्या टोकापर्यंत भरली का, ते इथून दिसत नाही. मी म्हटलं, पलीकडं जाऊन बघून येऊ का? आक्का हसली.

"चपला काढ. हितंच हुबी ऱ्हा. पाणी तितं पोचलं की हितनं ऐकाय येतंय."

मला काही ऐकायला आलं नाही. पहिल्या दिवशी मी तीन सऱ्या फोडल्या आणि पाणी शेजारच्याच्या बांधावरून त्याच्या भुईमुगात गेलं. आक्कानं मला त्या शेजाऱ्यादेखत असं सुनावलं की लहानपण आठवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिले. पायांखालची माती आधी तापलेली होती, मग कोमट, मग एकदम गार. तळव्याखालून ती सैल होऊन बोटांमधून वर यायची. उसाचं पातं मानेला घासून जायचं आणि तिथं बारीक जळजळ व्हायची. मी डोळे मिटले. दारात, लोकांसमोर मिटायची तसे नव्हेत. इथं बघायला फक्त आक्का होती आणि तिचं लक्ष खोऱ्याकडं होतं. हळूहळू ऐकू यायला लागलं. सुक्या भेगांत पाणी शिरतं तेव्हा माती चुळचुळ करते, बुडबुडे फुटतात. सरी अर्धी झाली की ती चुळचुळ लांब जाते. भरत आली की आवाज जाड होतो, आणि भरली की बंद. चौथ्या दिवशी मी "आक्का, भरली" म्हटलं आणि ती पलीकडच्या टोकाला जाऊन बघून आली. सरी काठोकाठ होती. एवढ्याशा गोष्टीचा मला इतका आनंद झाला की मी खोरं टाकून तिला मिठीच मारली. ती म्हणाली, "अगं चिखूल! सोड."

मग मला नादच लागला. म्हशीची धार रिकाम्या बादलीत पडताना टणटणते आणि फेस आला की तिचा आवाज मऊ होतो, हे मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकलं. जन्म कोल्हापुरातला, धारोष्ण दूध पिऊन वाढलेली, पण कान देऊन कधी ऐकलंच नव्हतं. आक्का तीळ भाजत असताना मी बाहेरून सांगितलं, "उतरव आता." तडतडण्याचा जोर ओसरला होता. तिनं चिमूट तोंडात टाकली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. त्या दिवसांत मी पोटभर जेवले. चव नव्हतीच, पण भाकरीचा पापुद्रा दातांखाली मोडायचा, कांदा करकर वाजायचा, आणि तेवढ्यावर दोन भाकऱ्या जायच्या. दुपारी पडवीत टेकले की झोप लागायची. पाच महिन्यांत मला अशी झोप लागली नव्हती.

नवव्या दिवशी उकिरडा उपसायला घेतला. पावसाच्या आधी शेणखत शेतात पडायला हवं. आक्का पाटी भरत होती, मी उचलून ट्रॉलीकडं नेत होते. वरचा सुका थर निघाला, खालचं काळं, ओलं, वाफाळतं खत उघडं पडलं आणि मी पाटी घ्यायला वाकले तर काहीतरी नाकात शिरलं. मी तशीच थांबले. सडलेलं, उबट, आंबूस. शेणाचा वास! मी आणखी वाकले, तोंड खताजवळ नेलं.

"अगं बया, काय करालीस? तोंडावर माशा बसतील."

"आक्का, वास आला!"

"आला? अगं मग चांगल्या कशाचा तरी घे की."

चांगल्या कशाचा आला नाही. तोही दुपारपर्यंत गेला. मी संध्याकाळी पुन्हा उकिरड्यापाशी जाऊन उभी राहिले, तर पुन्हा सगळं मुकं. मला वाटलं मी पुन्हा रडेन, पण रडू आलं नाही. आक्का शेजारी येऊन उभी राहिली.

"नाक यील, न्हाय यील, ते तुझ्या हातात न्हाय," ती म्हणाली. "तोंड हाय की जाग्यावर? मग जा आणि सांग त्या बाईला. आणि पाऊस पडायच्या आत सांग, म्हंजे तिची दुसरी चटणी तरी हुईल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी परत आले. घरात पिशवी ठेवली आणि तशीच समोर गेले. वैनी डब्याच्या भाकऱ्या थापत होत्या. मी दारात उभी राहूनच सांगितलं. बसले असते तर पुन्हा धीर गेला असता. डिसेंबरपासून मला वास येत नाही. तुमच्या खोबऱ्याचाही आला नव्हता. अण्णांच्या दुकानातही मी खोटं बोलले.

वैनींचा हात थांबला नाही. हातातली भाकरी थापून पुरी केली, तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. मग म्हणाल्या, "मग त्या दिवशी डोळं मिटून काय बघत हुतासा?"

त्यांनी भाकरी उलटली, फुगवली, खाली उतरवली आणि गॅस बंद केला. त्यांचे डोळे भरले होते आणि रागही होता. "मी त्या म्हाताऱ्याला चोर म्हटलो, ताई. चार माणसांत म्हटलो. तुमच्या जिवावर म्हटलो." आमच्याकडच्या बायका अशाच 'म्हटलो', 'गेलो' म्हणतात. त्यांच्या तोंडून तो शब्द तीनदा आला आणि तिन्ही वेळा मला लागला.

"चला," त्या म्हणाल्या.

दुकानात त्या दिवशीही गिऱ्हाइकं होती, आणि ते एका अर्थी बरंच झालं. जिथं खोटं बोलले तिथंच खरं बोलायचं होतं. मी बोलले. शब्द कसे आले ते आठवत नाही, आवाज फार बारीक झाला होता एवढं आठवतं. वैनी माझ्या मागं उभ्या होत्या. माझं झाल्यावर त्या पुढं आल्या आणि अण्णांच्या पायांना हात लावायला वाकल्या. अण्णांनी पाय मागं घेतले.

"खोबरं माझंच खवट हुतं, वैनी," ते म्हणाले. "पोत्याच्या तळाचं असंल, मलाबी कळलं न्हाय. ते बोलला असतासा तर मी ऐकून घेतलं असतं. बदललं म्हणालासा, ते लागलं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "माझ्या घरातलीचंबी तसंच झालंतं. वास गेलता तिचा. सहा महिनं ती स्वयंपाकाला बसत नव्हती. मला आधी सांगितला असतासा तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी नवं पोतं फोडलं. एक वाटी काढून वैनींच्या हातात दिली. वैनींनी वास घेतला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं ती माझ्यापुढं धरली. मी मान हलवली. पण वाटी घेतली, दोन्ही हातांनी मोडली. कट् असा कोरडा आवाज आला. तुकडा चिमटीत चोळला, बोटांना तेल सुटलं तरी चिकट लागलं नाही. "माझ्याकडून एवढंच," मी म्हटलं. "वासाचं तुम्ही बघा."

चटणी पाऊस यायच्या आत झाली. भाजताना वैनी कढईवर नाक धरून उभ्या आणि मी शेजारी कान देऊन. धण्यांवरून आमचं भांडणही झालं. मी म्हणत होते आवाज झाला नाही अजून, त्या म्हणत होत्या वास सुटला. मी हरले. गिरणीत दोघी-तिघींनी नेहमीसारखी ताटं माझ्यापुढं केली. "मला वास येत नाही," मी म्हटलं, "वैनींना दाखवा." पहिल्यांदा म्हणताना कानशिलं तापली. तिसऱ्यांदा तेवढी तापली नाहीत.

तेव्हापासून वैनी रोज सकाळी डबे गेले की रस्ता ओलांडून माझ्याकडं येतात, हातात काहीतरी घेऊन. डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं आणि ते त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. कधी चुरगाळलेला कढीपत्ता, कधी लिंबाची साल, कधी गवती चहाचं पातं, कधी गच्चीतल्या कुंडीतली ओली माती. मला डोळे मिटायला लावतात आणि नाकापुढं धरतात.

"आला?"

"नाही."

"बरं. उद्या."

मी पुन्हा कुंड्यांना पाणी घालते. गवती चहा मीच लावलाय. रविवारी कळंब्याला जाते, पायवाट सोडून गवतातून अनवाणी चालते, आणि हात वर करून श्वास घेणाऱ्या माणसांचा आता राग येत नाही. पाऊस संपेपर्यंत मला दोनदा लिंबाची पुसट शंका आली, एकदा मातीची. बाकी रोज "नाही."

गेल्या आठवड्यात त्या आल्या, मी डोळे मिटले, त्यांनी काहीतरी नाकापुढं धरलं. आणि मी एकदम मागं सरकले. तेलकट, कडवट, जुनाट. घशापर्यंत उतरलं.

"शी! वैनी, खवट आहे हे!"

डोळे उघडले. त्यांच्या हातात छोटी बरणी होती. मार्चमधल्या त्या चटणीतली शेवटची उरलेली, कीड जावी म्हणून पाण्यात कालवून कुंड्यांवर फवारायला ठेवलेली. त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं, माझ्या उंबऱ्यावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "लई उशिरा सांगितलासा, ताई."